दुखणे रेड्याला, डाग पखालीला



गावाकडचा माणूस मुंबईत बोरिवलीला उतरला, की कोणीतरी त्याला खाडीपलीकडचा गोराईचा सोनेरी घुमट दाखवतेच. हा विपश्यना पॅगोडा. आत एकही खांब नाही आणि आठ हजार माणसे ध्यानाला बसतील एवढी जागा. २००९ साली त्याचे उद्घाटन झाले. ब्रह्मदेशातले व्यापारी सत्यनारायण गोयंका डोकेदुखीवर उपाय शोधता शोधता विपश्यनेकडे वळले आणि १९६९ साली भारतात येऊन ती शिकवू लागले. दहा दिवसांच्या शिबिराला फी नाही. तिथे जाऊन कोणाला झोप लागू लागली, तर आनंदच आहे.

पण अंधेरीच्या कचेऱ्यांत या विद्येचा भलताच उपयोग चालतो. लोकलला लोंबकळत येऊन दहा तास राबणाऱ्याला साहेब सांगतात, श्वासाकडे लक्ष द्या. गाड्या वाढवा, कामाचे तास कमी करा, हा विषय काढायचा नाही.

तेच औषध आपल्याही दारी आले. २०१५ साली राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशाताई घरोघर जाऊन शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करू लागल्या. यात वाईट काही नाही. ज्याच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो, त्याने टेली-मानसचा १४४१६ हा नंबर जरूर फिरवावा. शेजाऱ्यांनी त्याला एकटे सोडू नये. जीव वाचला, तर पुढचे सगळे.

पण मन बिघडले कशाने, हे कोणी विचारायचे? २०२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,७१० रुपये. १९ ऑगस्टला दिल्लीच्या सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमके आपल्या वेचणीचे दिवस. परदेशी गाठी बिनशुल्क उतरल्या आणि आपल्यापैकी कित्येकांना हमीभावाच्या खाली कापूस घालावा लागला. सावकाराला श्वास मोजून दाखवला, तर तो व्याज सोडत नाही.

ज्याला झोप येत नाही, तो स्वतःला नामर्द समजतो. भावा, दोष तुझ्या मनाचा नाही, तुझ्या हिशेबाचा आहे. आणि तो हिशेब दुसऱ्यानेच बिघडवला आहे.

म्हणून जिल्हा सभेला येताना प्रत्येकाने कापसाची, ज्वारीची पट्टी आणि खर्चाची वही आणावी. ध्यान ज्याला करायचे त्याने पहाटे घरी करावे. वही मात्र सर्वांसमोर, सर्वांनी मिळून उघडायची आहे.