तलवारीचे मोल, रायफलीची किंमत आणि बारडोलीचा धडा

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज लिलावगृहात विक्रीस निघाली आणि महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती मिळवली. वाहतूक व विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला. ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत पोहोचली, तिचे थाटात स्वागत झाले. त्या गजरात एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला. ही किंमत योग्य होती का, आणि ते ठरवायचे कशावरून? हा प्रश्न केवळ सरकारी तिजोरीपुरता नाही. आजोबांची परवान्याची बंदूक कपाटात जपून ठेवणाऱ्या गोव्यातील कुटुंबांनाही तो कधी ना कधी भेटतोच.

उत्तराची दिशा दाखवणारे एक उदाहरण शस्त्रांच्या नव्हे, जमिनीच्या इतिहासात आहे. सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्याचा शेतसारा मुंबई सरकारने १९२७ मध्ये सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. त्यामागील पहिल्या अहवालात जमिनीच्या वाढलेल्या विक्रीदरांवर आणि पिकांच्या भावांवर भर होता. वरिष्ठ अधिकाऱ्याने खंडाच्या आकड्यांवर भिस्त ठेवली. शेतकऱ्यांचा आक्षेप असा होता की, महायुद्धानंतरची कापसाची तेजी हा नेहमीचा भाव नव्हे; दक्षिण आफ्रिकेत पैसा कमावून परतलेल्यांनी गावातील जमीन प्रतिष्ठेपोटी चढ्या दराने घेतली, तर तोही प्रमाण मानता येत नाही. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. जप्त झालेल्या म्हशी आणि जमिनी तेव्हा मातीमोल भावाने विकल्या गेल्या. ऑगस्टमध्ये तडजोड झाली. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून व्यवहार तपासले आणि ६.०३ टक्के इतकीच वाढ समर्थनीय ठरवली.

एकाच तालुक्यात, दोन-तीन वर्षांच्या आत, दोन प्रकारच्या फसव्या किमती दिसल्या. एक हौसेची व तेजीची, दुसरी सक्तीच्या विक्रीची. दोन्ही प्रत्यक्षात मोजल्या गेल्या. तरीही त्यांपैकी एकही न्याय्य नव्हती. जुन्या शस्त्रांच्या बाजारात आज नेमके हेच घडते आहे.

हौसेची किंमत पाहायची तर टिपू सुलतानच्या शयनकक्षातील तलवारीकडे पाहावे. बोनहॅम्सने मे २०२३ मध्ये ती लिलावात काढली, तेव्हा अंदाज १५ ते २० लाख पौंडांचा होता. बोली १ कोटी ४० लाख पौंडांवर गेली. दोन ईर्ष्येला पेटलेले बोलीदार असले की एवढे पुरते. अशा एका व्यवहारावरून दुसऱ्या तलवारीचे मोल काढणे म्हणजे आफ्रिकेहून परतलेल्या श्रीमंताच्या खरेदीवरून साऱ्या तालुक्याचा सारा ठरवणे होय.

लष्करी रायफलीची गोष्ट याहून सोपी असायला हवी. तलवार एकमेव असते, रायफली लाखोंनी बनतात. त्यामुळे तुलनेला व्यवहार मिळतात. बंगालमधील ईशापूर कारखान्यातील ली-एनफिल्ड रायफल आणि १९६२ च्या युद्धानंतर तिथेच बनलेली ७.६२ मिलिमीटरची आवृत्ती आज अमेरिकेतील संग्राहकांकडे आहे. तेथील जाणकार भावनेवर भाव ठरवत नाहीत. बोल्ट आणि मुख्य सांगाडा यांवरील अनुक्रमांक एकच आहेत का, नळीच्या आतील आटे शाबूत आहेत का, लाकूड मूळचे आहे की शिकारीच्या सोयीसाठी कापलेले, कारखान्याचा शिक्का व साल स्पष्ट आहे का, हे ते पाहतात. लाकूड कापले की संग्राहकाच्या लेखी किंमत घसरते. नव्याने चकचकीत केलेली बंदूक बहुधा जुन्या डागांसह राहिलेल्या बंदुकीपेक्षा कमी मोलाची ठरते. दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी हुबेहूब नकला केल्या आहेत. शिक्क्यातील चुकलेले अक्षर त्यांचे पितळ उघडे पाडते. ही बंदूक अमुक लढाईत होती, या सांगोवांगीला कागदाचा आधार नसेल तर तिचा एक रुपयाही जास्त देऊ नये, हा तेथील नियम आपल्या सरकारी खरेदीलाही लागू करण्याजोगा आहे.

भारतात मात्र ही तुलनाच शक्य नाही. सैन्याचा दारूगोळा चालणाऱ्या .३०३ आणि ७.६२ च्या रायफली नियमांनुसार प्रतिबंधित वर्गात मोडतात. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी .३०३ ला समारंभपूर्वक निरोप दिला. पण अशी निवृत्त रायफल सामान्य परवानाधारकाला विकत घेता येत नाही. दुसरीकडे, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी शस्त्रांची आयात जवळपास बंद झाल्याने परवाना मिळू शकणाऱ्या जुन्या परदेशी बंदुकांना कृत्रिम टंचाईचा भाव आला. शंभर वर्षे ओलांडलेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली आली, की खासगी मालकाला ती निर्यात करता येत नाही. म्हणजे लंडनचा आकडा येथील मालकाच्या कधीच पदरी पडत नाही. तो फक्त सरकार परदेशी विक्रेत्याला देते.

त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली आणि वारशाने आलेल्या शस्त्रांनाही ती लागू केली. तिसरे शस्त्र पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्यासाठी वर्षभराची मुदत होती. सार्वजनिक सुरक्षेसाठी मर्यादा असावी, याबद्दल वाद नाही. परंतु मुदतीच्या आत विकणाऱ्याला मिळणारा भाव हा जप्तीतील म्हशीचाच भाव असतो. गोव्यात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या परवाना चालवणाऱ्या शेतकऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वारस ठरवताना घाईत विक्री होऊ नये, म्हणून कागदपत्रे आधीच नीट ठेवणे हाच पहिला उपाय आहे.

सरकारच्या हाती अधिक आहे. दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा कालबाह्य शस्त्राला शस्त्र कायद्याच्या कलम ४५ खाली सूट मिळते. ही तरतूद वापरून जुन्या बंदुका निकामी करून जतन करण्याची सोपी वाट जिल्हा प्रशासनाने दाखवावी. वितळवण्यास पाठवण्यापूर्वी शस्त्र एकदा राज्य संग्रहालयाच्या तज्ज्ञाने पाहावे. परदेशी लिलावात उतरताना कमाल किंमत आणि तिची कारणे आधी लेखी ठरवावीत, खरेदीनंतर ती जाहीर करावीत. सुमारे साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीच्या खुणा परदेशांत विखुरलेल्या असताना गोव्यावरही अशी वेळ येऊ शकते. तेव्हा स्वागताच्या मिरवणुकीआधी हिशेबाची वही तयार असावी.

बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सारा देण्यास सरसकट नकार दिला नव्हता. त्यांची मागणी निःपक्ष चौकशीची होती, आणि ती झाल्यावर २२ चे ६ झाले. रघुजींची तलवार परत आली याचा आनंद रास्त आहे. ४७ लाखांचा आकडा कसा ठरला हे विचारल्याने तो उणावत नाही.