शंकासमाधान : पायाळू कोणास म्हणावें?

नाशिककडील एका भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांची सून पहिलटकरीण. पुष्कळ वेळ वेणा देऊनहि मूल बाहेर येईना, म्हणून अखेरीस पोट उघडून तें काढावें लागलें. मुलाचें डोकें खालीं होतें. तरी डॉक्टरांनीं त्यास पायांकडून ओढून काढलें, आणि त्यांत गर्भाशयास योजलेल्या छेदापेक्षां अधिक चीर गेली. आतां घरांतील वडीलधारी मंडळी नातवास पायाळू म्हणतात, आणि सुनेच्या माहेरचीं माणसें डॉक्टरांच्या हातास दोष देतात. यांत खरें काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

पहिली शंका तर क्षणांत मिटण्यासारखी आहे. पायाळूवर वीज पडते, त्यास भूमिगत धन दिसतें, त्याचा पाय लागला कीं उसण उतरते, या समजुती आपण सर्वांनींच ऐकल्या आहेत. त्यांची सत्यासत्यता बाजूस ठेवली तरी पायाळू हा शब्द उपजतां स्वतःच पाय पुढें करून येणाऱ्या मुलासाठीं आहे. येथें मूल डोक्यावरच होतें. पाय धरले ते शस्त्रवैद्यानें. तेव्हां पावसाळ्यांत नातवास घरांत कोंडून ठेवण्याचें कारण नाहीं.

दुसरा प्रश्न मात्र गंभीर आहे, आणि तो पुष्कळ घरांत उपस्थित होत असावा.

आधीं ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेंत डोकें बहुधा वरच असतें. छेदांतून हात आंत गेला, तळवा डोक्याखालीं सरकला, आणि सहाय्यकानें पोटावरून दाब दिला कीं मूल बाहेर येतें. (क्वचित् डोकें फारच वर तरंगत असेल तर तेंहि हातीं लागत नाहीं, व चिमट्याचें साहाय्य घ्यावें लागतें; पण तो विषय निराळा.) गर्भाशयाचें मुख पूर्ण, म्हणजे १० सेंटिमीटर, उघडल्यानंतर आईनें बराच वेळ जोर केलेला असला म्हणजे स्थिति पालटते. डोकें श्रोणीच्या अस्थिवलयांत रुतून बसतें. गर्भोदक वाहून गेलेलें असतें, डोक्याची त्वचा सुजलेली असते, आणि गर्भाशय मुलास आंवळून धरतो. डोकें व हाड यांमध्यें बोट शिरण्यापुरतीहि फट राहत नाहीं. बरणीचें घट्ट बसलेलें बूच उपसतांना जशी आंतून ओढ लागते, तशीच येथें लागते. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या राजविद्यालयानें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत म्हटलें आहे कीं, पूर्वनियोजित नसलेल्या दहा शस्त्रक्रियांपैकीं एकींत हें संकट उद्भवूं शकतें. आईस चीर व रक्तस्राव, मुलास कवटीची इजा व प्राणवायूची उणीव, हे त्यांतले धोके. क्वचित् मूल दगावतेंहि.

अशा वेळीं पहिलें औषध म्हणजे घाई न करणें. कळ चालू असतां हात घातल्यास तो चेंगरतो. कळ ओसरूं द्यावी लागते. गर्भाशय सैल पडावा म्हणून भूलतज्ज्ञ औषध देऊं शकतात. मनगटाची तरफ करून डोकें उचकटूं नये, कारण ताणून पातळ झालेला गर्भाशयाचा खालचा भाग त्यानेंच फाटतो, आणि ती चीर बाजूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांपर्यंत जाऊं शकते. याच कारणास्तव अशा वेळीं छेदहि नेहमींपेक्षां किंचित् वर घेतात.

एवढ्यानें न भागल्यास मार्ग दोनतीन आहेत. एक, सहाय्यकानें योनिमार्गानें डोकें वर ढकलणें. तें पसरट तळव्यानें ढकलावें, दोन बोटांनीं नव्हे, कारण बोटांच्या टोकांचा दाब कोंवळ्या कवटीस सोसत नाहीं. दुसरा, गर्भाशयाच्या वरच्या भागांत हात घालून पाय धरणें व मूल उलटें काढणें. पत्रांतील मुलास बहुधा याच मार्गानें जगांत आणलें. तिसरा मार्ग आपल्याकडील आहे. पटवर्धन व मोताशॉ यांनीं १९५७ सालीं तो भारतीय प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकांत मांडला, आणि आज परदेशींहि तो पटवर्धनांच्याच नांवानें ओळखला जातो. मुलाची पाठ पुढें किंवा बाजूस असतां छेदापाशीं खांदाच असतो. तेव्हां डोक्याच्या मागें न लागतां आधीं एक खांदा, मग दुसरा, मग धड, कुल्ले व पाय बाहेर घ्यावे, आणि रुतलेलें डोकें सर्वांत शेवटीं अलगद उचलावें. जें अडलें आहे त्यास शेवटचा क्रमांक देणारी ही युक्ति आम्हांस फार मार्मिक वाटते. डोक्याखालीं फुगवावयाची एक रबरी पिशवीहि अलीकडे निघाली आहे. तिच्या गुणाविषयीं तज्ज्ञांत अद्याप एकवाक्यता नाहीं.

यांतला कोणता मार्ग श्रेष्ठ? झालेल्या तुलना लहान आहेत. त्यांत खालून ढकलण्यापेक्षां पायांकडून काढण्यानें आईस इजा कमी होते असा कल दिसतो, पण वरील निबंधहि एकच मार्ग निश्चित करीत नाहीं. सुश्रुतानें मूढगर्भ काढण्याइतकें कठीण कर्म दुसरें नाहीं असें म्हटलें, तें केवळ स्पर्शानें करावें लागतें म्हणून. भूल आली, दिवे आले, रक्त देण्याची सोय झाली. तरी त्या खोल जागीं आजहि डोळा पोंचत नाहीं, बोटेंच पाहतात. म्हणून चीर गेली एवढ्यावरून हात चुकला असें म्हणणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. अनुभवी डॉक्टरांस वेळेवर बोलावलें होतें काय, हा प्रश्न मात्र व्याह्यांनीं शांतपणें अवश्य विचारावा.

मुलाच्या डोक्यावरची साधी सूज बहुधा थोड्या दिवसांत उतरते. आजीबाईंनीं डोकें गोल करण्यासाठीं तें चेपूं नये. मूल सुस्त पडलें, दूध ओढीनासें झालें किंवा झटके आले, तर तत्काळ रुग्णालय गांठावें.

सुनेच्या शस्त्रक्रियेचा लेखी वृत्तांत मागून जपून ठेवावा. चीर कोणत्या दिशेस गेली, छेद गर्भाशयाच्या वरच्या भागांत वाढवावा लागला काय, यावर पुढील खेपेस नैसर्गिक प्रसूतीची वाट पाहावी कीं नाहीं हें ठरतें. शिवाय मुख पूर्ण उघडल्यावर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीस पुढच्या खेपेस अकालीं प्रसूतीचा धोका कांहींसा अधिक असतो. म्हणून दिवस राहतांच पहिल्याच भेटींत तो कागद डॉक्टरांपुढें ठेवावा.