लेथचा चक आणि अर्धशिशी

भोसरीच्या एखाद्या जुन्या वर्कशॉपमधल्या टर्नरला विचारा, ट्यूबच्या उजेडात फिरता लेथ कधी थांबल्यासारखा दिसतो का? तो बहुधा हो म्हणेल, वर हात दूर ठेवायलाही बजावेल. तीन जबड्यांचा चक मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाच्या शंभराव्या भागात तो बरोबर एकतृतीयांश फेरा फिरतो. एका जबड्याच्या जागी दुसरा येतो. आपल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात आणि प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो. म्हणून साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते. दोहोंचा मेळ बसला, की चक स्थिर भासतो. यावर उपाय म्हणून शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडतात. मग सगळ्या एकदम मंदावत नाहीत. भोसरीपासून चाकणपर्यंत याला कोणी टर्नरचे नखरे म्हणत नाही.

हीच ट्यूब वर्गातही असते. काही वर्षांपूर्वी माझ्या अकरावीच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "सर, या ट्यूबखाली बसले की डोके उठते." तिला अर्धशिशीचा जुना विकार होता. मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस, पण तिला विचारले काय, तर "मग इतरांना कसे काही होत नाही?" त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

तुम्ही म्हणाल, इतक्या वेगाची लुकलुक दिसतच नाही, मग त्रास कसला? दिसत नाही हे खरे. पण डोळ्याच्या पडद्याचे विद्युत आलेख घेतले, तर त्यांत तिचा ठसा सापडतो. १९८९ साली ब्रिटनमध्ये विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कचेरीतील ट्यूबचे चोक बदलून पाहिले. नव्या चोकवर ट्यूब सेकंदाला हजारो वेळा उजळत होती. कोणता चोक केव्हा लावला आहे, हे कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हते. तरीही डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण सरासरीने निम्म्याहून कमी झाला.

अर्धशिशीचे कारण केवळ दिवा नव्हे, आणि ऐन झटक्यात तर कोणताही उजेड सोसवत नाही. (घरातही सतत काळा चष्मा लावू नये, डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड अधिकच खुपतो.) तरी माझे मत असे, की तक्रार आली तर शिक्षकांनी आधी दिवा तपासावा, मग विद्यार्थ्याला प्रश्न विचारावेत.

तपासणी सोपी आहे. दिव्याखाली पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलवा. सूर्यप्रकाशात तिचा सलग धूसर पट्टा दिसतो. लुकलुकत्या दिव्याखाली सुट्या सुट्या पेन्सिली दिसतात. आता ट्यूबच्या जागी एलईडी आले आहेत, पण स्वस्त एलईडीही पुष्कळदा असाच लुकलुकतो, तेव्हा त्यालाही सोडू नका.

त्या मुलीला मी पुढे खिडकीजवळचा बाक दिला. चोक मात्र तोच राहिला, कारण तो बदला असे मी कोणाला सांगितलेच नाही.