चिल्लर राग

२०१४ साली घरपट्टी चुकीची वाढून आली. अर्ज केले, उत्तर नाही. मीही हट्टाला पेटलो. ९४० रुपये सुट्ट्या रुपयांत घेऊन खिडकीपाशी गेलो. कायदा माझ्या बाजूने होता! २०११ च्या नाण्यांविषयीच्या कायद्यानुसार रुपया व त्याहून मोठ्या नाण्यांनी १,००० रुपयांपर्यंतचे देणे फेडता येते. अर्ध्या रुपयाच्या नाण्यांनी १० रुपयांपर्यंतच.

कारकुनाने दहा-दहाच्या ९४ चळती निमूटपणे रचल्या. माझ्यामागे एक पेन्शनर आजोबा अवघडून उभे होते. पट्टी वाढवणारे साहेब वरच्या मजल्यावर. त्यांच्या कानांवर खुळखुळाटही गेला नसेल.

पावती घेताना माझीच मान खाली गेली. हक्क खराच, पण तो बजावायचा कुणावर, हे नको का पाहायला? त्या दिवशी पिशवी घरी ठेवून जिना चढायला हवा होता.