डेझर्ट सफारीच्या गाडीत आई-बाबांना बसवण्याआधी

दिवाळी संपली की आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या मंडळींचे दुबईचे बेत सुरू होतात आणि शारजाला राहणाऱ्या माझ्यासारख्याला एक प्रश्न हमखास येतो. "पॅकेजमध्ये संध्याकाळची डेझर्ट सफारी आहे. कशी असते? आई-बाबांना झेपेल ना?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांनी बुकिंग केलंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सफारी जरूर करा. पण घरातल्या प्रत्येकाने वाळूवर उड्या मारणाऱ्या गाडीत बसायलाच हवं, हा समज सोडा. टूरवाले तसं स्पष्ट सांगत नाहीत, आपण विचारत नाही, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस मोजतं.

आधी प्रत्यक्षात काय होतं ते बघू.

दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान गाडी हॉटेलवर येते. बहुतेक वेळा टोयोटा लँड क्रूझर असते. शेअरिंगची सफारी असेल तर दोन-तीन हॉटेलांतून माणसं गोळा करत सहा-सात जण भरतात. मग शहराबाहेर पाऊण-एक तासाचा प्रवास. बऱ्याच गाड्या हत्ताच्या रस्त्याने लाहबाबकडे जातात. तिथली वाळू लालसर आहे, फोटोत फार छान दिसते. वाळूत शिरण्याआधी एक थांबा असतो. तिथे दुकानं, थंड पेयं, क्वाड बाइक. कोणीतरी हसत पुढे येतो, डोक्याला अरबी रुमाल बांधून देतो आणि मग पैसे सांगतो. रुमाल पॅकेजमध्ये नसतो. क्वाड बाइकचे पैसेही बहुतेक ठिकाणी वेगळे. आधी भाव विचारा, मग डोकं पुढे करा.

या वेळात चालक चाकांतली हवा काढत असतो. रस्त्यावर तीस-पस्तीस पीएसआय असलेली हवा पंधराच्या आसपास आणली की टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. त्यानंतर सुरू होतं ड्यून बॅशिंग. गाडी टेकाडाच्या धारेवर चढते, एका बाजूला कलते, घसरत खाली येते, पुन्हा वर. वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत हेच. मग सूर्यास्ताचा थांबा. डिसेंबरात इथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तिथून कॅम्प. खजूर आणि गहवा, उंटावर एक छोटी फेरी, मेंदी, वाळूवरून फळीवर घसरणं, हातावर ससाणा घेऊन फोटो. त्या फोटोचेही बहुधा वेगळे पैसे. मग जेवण आणि नाचाचे कार्यक्रम. रात्री नऊ-साडेनऊला परत हॉटेलवर.

आता मुद्द्याचं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या ओळखीतल्या एक काकू ग्रुप टूरने आल्या होत्या. वय सदुसष्ट. त्यांना गाडीच्या अगदी मागच्या, तिसऱ्या रांगेत बसवलं, कारण पुढे "उंच माणसांना जागा लागते". दहाव्या मिनिटाला एका टेकाडावरून गाडी आपटली आणि काकूंच्या कमरेत कळ गेली. त्या बोलल्या नाहीत. "सगळ्यांची मजा कशाला घालवू?" कॅम्पवर उठता येईना तेव्हा कळलं. एक्स-रेत मणका दबलेला निघाला. उरलेले चार दिवस हॉटेलच्या खोलीत, आणि घरी परतल्यावर तीन महिने पट्टा.

यात नशिबाचा भाग कमी आहे. पाळी गेल्यानंतर अनेक बायकांची हाडं ठिसूळ होतात. अशा वेळी मणका दबायला पडावंच लागतं असं नाही, बसल्या जागी खालून जोरात बसलेला दणकाही पुरतो. मागची रांग थेट मागच्या चाकांवर असते, त्यामुळे दणका तिथे सगळ्यात जास्त. म्हणजे ज्या जागी सगळ्यात धडधाकट माणसाने बसायचं, तिथे आपण सगळ्यात नाजूक माणसाला बसवतो.

गर्भवती, कंबर-मान-गुडघ्याचं दुखणं असलेले, हृदयविकार असलेले, नुकतं ऑपरेशन झालेले आणि अगदी लहान मुलं यांनी ड्यून बॅशिंग करू नये. हे इथल्या बहुतेक कंपन्या स्वतःच लिहितात, पण बारीक अक्षरात. मुंबई-पुण्यात मिळणाऱ्या रंगीत पत्रकावर मात्र फक्त "थरारक अनुभव" एवढंच असतं. तो बारीक मजकूर आणि ते पत्रक यांच्यामध्ये काकूंचा मणका सापडतो.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं. "अहो, थोडे धक्के बसणारच. साहस म्हणतात त्याला." मान्य. माझा साहसाला विरोध नाही. पंचविशीतल्या पोरांनी जरूर जावं, मीही जातो. पण साहस म्हणजे माणसाने स्वतः कळून-सवरून पत्करलेला धोका. ग्रुप तुटू नये म्हणून गप्प बसलेल्या आईच्या बाबतीत तो शब्द वापरू नका.

आणि पर्याय असतो! बऱ्याच कंपन्या ड्यून बॅशिंग वगळून थेट कॅम्पवर नेतात. वाळू तीच, सूर्यास्त तोच, जेवण तेच. फक्त हे बुकिंगच्या वेळी सांगावं लागतं. ऐन वेळी शेअरिंगच्या गाडीत "आम्हाला नको" म्हटलं तर उरलेल्या चौघांचे चेहरे पडतात आणि माणूस लाजेने बसून राहतो.

चालकाबद्दलही दोन शब्द. हे बहुतेक पाकिस्तान, भारत, बांगलादेशातून आलेले असतात, हिंदी-उर्दू चांगली चालते. "भाईसाब, आहिस्ता" म्हटलं की बहुतेक जण वेग कमी करतात. पण गाडीतलेच दोघं "और तेज, और तेज" ओरडत असतील आणि टिप त्यांच्याकडूनच मिळणार असेल, तर त्याने कोणाचं ऐकायचं? गाडी किती उडते हे पुष्कळदा स्टिअरिंगवरच्या माणसापेक्षा मागच्या सीटवरून ठरतं.

सीटबेल्टचं तर बोलायलाच नको. या देशात २०१७ पासून गाडीतल्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, बेल्ट सक्तीचा आहे आणि चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चाइल्ड सीट लागते. शहरात चारशे दिरहमच्या दंडाला घाबरून आपण निमूट बेल्ट लावतो. मग वाळूत शिरल्यावर व्हिडिओ नीट यावा म्हणून तोच बेल्ट काढतो आणि तीन वर्षांच्या नातवाला मांडीवर घेतो. बेल्टची सगळ्यात जास्त गरज जिथे आहे, नेमका तिथे.

आता पैशांकडे येऊ. शेअरिंगची सफारी शंभर-दीडशे दिरहममध्येही मिळते, म्हणजे आपले अडीच ते साडेतीन हजार रुपये. त्यात हॉटेलवरून नेणं-आणणं, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, मोठी गाडी, पेट्रोल, चालक, जेवण आणि कार्यक्रम. तुम्हीच हिशेब करा, हे परवडतं कसं? गाडी ठासून भरून, एका कॅम्पवर शेकडो माणसं बसवून, रुमाल-फोटो-क्वाड बाइक वर विकून, आणि चालकाला टिपेवर अवलंबून ठेवून. स्वस्त घेऊ नका असं मी म्हणत नाही. मध्यमवर्गीय माणूस चार जणांचा खर्च जोडूनच बघणार. पण स्वस्तात घेतल्यावर शांत वाळवंट मिळेल ही अपेक्षा धरू नका. तिथे स्पीकर असतो, रांग असते आणि लाइटिंग असतं.

कॅम्पवरच्या कार्यक्रमाला "अरबी संस्कृती" म्हणतात, तेही थोडं तपासून घ्या. बेली डान्स आणि गोल फिरत करायचा तनूरा हे इजिप्त आणि आसपासच्या प्रदेशातून आलेत. बघायला मजा येते, जरूर बघा. पण इथल्या लोकांचा स्वतःचा प्रकार म्हणजे अय्याला. पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर, हातात बारीक काठ्या, ढोलाच्या ठेक्यावर डोलणं. २०१४ मध्ये युनेस्कोने तो वारशाच्या यादीत घेतला. पर्यटकांच्या कॅम्पवर तो क्वचितच दिसतो. त्या मानाने गहवा खरा इथला. वेलचीचा, फिका, छोट्या कपात. पुरे झाला की कप हलकेच हलवून परत द्यायचा, नाहीतर वाढणारा भरतच राहतो. रमजानमध्ये येणार असाल तर नाच आणि संगीत बहुतेक ठिकाणी बंद असतं, हे लक्षात ठेवून तारखा ठरवा.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच पॅकेजच्या यादीत नसते. वाटेत वाळूत एकटंदुकटं, खाली झुकलेल्या फांद्यांचं, बारीक पानांचं झाड दिसेल. याचं नाव गाफ. २००८ मध्ये या देशाने त्याला राष्ट्रीय वृक्ष ठरवलं. राजस्थानात हीच खेजडी आणि आपल्याकडे हीच शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो, अज्ञातवासात पांडवांनी जिच्यावर शस्त्रं लपवली असं आपण ऐकत आलो, तीच ही शमी. तिची मुळं पाण्याच्या शोधात खोलवर जातात, म्हणून ती इथे टिकते. उंटांना चारा आणि माणसांना सावली तिनेच पुरवली. पण तिचं कोवळं रोप आणि वाळू धरून ठेवणारी छोटी झुडपं गाडीच्या चाकाखाली सहज जातात. इथल्या पशुवैद्यकांनी मेलेल्या उंटांच्या पोटात प्लॅस्टिकचे मोठे गोळे सापडल्याचंही नोंदवलंय. तेव्हा पाण्याची बाटली आणि वेफर्सचं पाकीट गाडीतच परत आणा. एवढं तर जमेल ना?

ज्यांना खरंच वाळवंट बघायचंय आणि थोडा खर्च झेपतो, त्यांनी दुबई डेझर्ट कन्झर्वेशन रिझर्व्हमधल्या सफारीची चौकशी करावी. सुमारे २२५ चौरस किलोमीटरचा हा राखीव भाग आहे आणि आत मोजक्याच कंपन्यांना परवानगी आहे. तिथे अरबी ओरिक्स दिसतो. पांढरा, लांब सरळ शिंगांचा. १९७२ च्या सुमारास हा प्राणी निसर्गातून नाहीसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या कळपांतून तो पुन्हा वाळवंटात आणला. या सफारीचे पैसे दुप्पट-तिप्पट लागतात, पण पासष्टीच्या माणसाला तीच जास्त मानवते असा माझा अनुभव आहे.

बुकिंग करताना टूरवाल्याला हे पाच प्रश्न विचारा, तेही व्हॉट्सअॅपवर लेखी, म्हणजे उत्तर नोंदलेलं राहतं.

१. सफारी देणाऱ्या कंपनीकडे दुबईच्या पर्यटन खात्याचा परवाना आहे का, आणि कंपनीचं नाव काय?
२. ड्यून बॅशिंग न करता थेट कॅम्पवर नेण्याची सोय आहे का?
३. गाडीत किती माणसं बसवणार, आणि प्रत्येक सीटला चालू बेल्ट आहे का? लहान मुलाला चाइल्ड सीट मिळेल का?
४. कोणकोणत्या गोष्टींचे पैसे वेगळे?
५. आमच्या प्रवास विम्यात हा प्रकार बसतो का? अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात, त्यामुळे विमा कंपनीलाही विचारा.

याशिवाय साध्या गोष्टी. दुपारी हलकं जेवा, उलटीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधी घ्या. मळमळ होणाऱ्या मोठ्या माणसाने पुढची सीट मागून घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत रात्री वाळूत चांगलीच थंडी पडते, ज्येष्ठांसाठी स्वेटर-शाल ठेवा. जून ते सप्टेंबरमध्ये चाळीसच्या वर ऊन असतं, तेव्हा मुलं-म्हातारी माणसं घेऊन येऊच नका. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगलाच सांगा. शाकाहारी पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात.

शेवटी आपल्याकडच्या टूर कंपन्यांना एक जाहीर विनंती. तुमच्या पत्रकावर, मराठीत, ठळक अक्षरात लिहा की ड्यून बॅशिंग ऐच्छिक आहे आणि कोणी करू नये. ज्येष्ठांसाठी वेगळी गाडी सरळ कॅम्पवर पाठवा. खर्च फार वाढत नाही, वाढलाच तर सांगून घ्या, लोक देतील. सत्तरीतली माणसं आयुष्यभराची बचत मोडून पहिल्यांदा परदेशी येतात. त्यांनी मावळतीचं वाळवंट पाहावं, गहवा प्यावा, नातवंडांबरोबर फोटो काढावेत आणि स्वतःच्या पायांनी चालत विमानात बसावं, एवढीच अपेक्षा आहे.

या महिन्यात ज्यांचे आई-बाबा निघालेत, त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा. तुमचे अनुभव खाली लिहा. चांगले असतील तेही लिहा, म्हणजे कोणाकडे बुकिंग करावं हे बाकीच्यांना कळेल.