चिलखताआडचा गंज

दसऱ्याला मोटारीच्या नाकावर झेंडूचा हार चढतो, काचेवर कुंकवाचे बोट उठते, चाकाखाली लिंबू चिरडले जाते, आणि मालक दोन पावले मागे सरून आपल्या या लोखंडी लक्ष्मीकडे कौतुकाने पाहतो. त्या पाहण्यात मोटारीचे पोट मात्र कधी येत नाही. हार पुढे, पूजा पुढे, फोटोही पुढूनच. पोटाखाली शिरायचे ते गॅरेजातल्या पोराने, तेही काही तरी खडखडू लागल्यावर.

हल्ली या पोटालाही दागिना करण्याची हौस आली आहे. किल्ल्यांच्या पायथ्याशी, नदीपात्रातून, शेताच्या बांधावरून गाडी घालणारी मंडळी इंजिनाखाली एक जाड पत्रा बसवून घेतात. दुकानदार त्याला ‘स्किड प्लेट’ म्हणतो, गॅरेजवाला ‘गार्ड’ म्हणतो, आणि मी मराठीचा मास्तर असल्यामुळे मला ‘चिलखत’ म्हटल्यावाचून राहवत नाही. दगडावर गाडी आपटली तर ऑइलची टाकी फुटू नये, गिअरबॉक्सला धक्का लागू नये, हे या चिलखताचे काम. ते चार-सहा बोल्टांवर टांगलेले असते. ऑइल बदलायचे झाले की सोडवावे, काम झाले की पुन्हा चढवावे. विकणारा मोठ्या अभिमानाने सांगतो, “काढता येतं, साहेब!” घेणारा मान डोलावतो, बसवून घेतो, आणि त्यानंतर ते कधीही काढत नाही.

गंमत अशी की दगडापासून राखणारे हे चिलखत गाडीला गंजाच्या हाती देऊ शकते. हे मी प्रथम ऐकले तेव्हा मला तो शब्दांचा खेळ वाटला. पण परवा धरमतरला प्रत्यक्षच पाहायला मिळाले.

धरमतर हे नाव उच्चारले की मला त्यातली ‘तर’ ऐकू येते. तर म्हणजे पैलतीरी नेणारी नाव. अलिबागकडे जाणाऱ्या मुंबईकराला एके काळी बोटीने येऊन इथे उतरावे लागे. आता वडखळहून निघालेला रस्ता पुलावरून खाडी ओलांडतो आणि गाडीतली मुले खाडी पाहायच्या आत पोयनाडचा विषय निघतो. ही अंबा नदीची खाडी. भरतीचे खारे पाणी आत खोलवर येते. दोन्ही तीरांना खारेपाट, म्हणजे बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. बांधांना उघाड्या, मधून मधून मिठागरे, आणि जिताड्यांची तळी. जिताडा ज्याने खाल्ला आहे त्याला या तळ्यांबद्दल अधिक सांगायला नको. ज्याने खाल्ला नाही त्याने दिवाळीनंतर सवड काढावी. असो.

या खाडीची आणखी एक मौज आहे. डोलवीचा पोलादाचा कारखाना हिच्याच काठावर आहे. खनिज लोखंड म्हणजे बहुतांशी लोखंड आणि प्राणवायू यांचा संयोग, गंजाचाच सख्खा चुलतभाऊ म्हणाना. ते तराफ्यांतून खाडीत येते, भट्टीत त्यातला प्राणवायू काढून घेतला जातो आणि पोलाद होते. त्याच खाडीचा वारा मग ते पोलाद जिथे उघडे सापडेल तिथे पुन्हा गंजाकडे ओढू लागतो. दमट हवा, वर मीठ. लोखंडाला माहेरी पळून जायला याहून सोयीची वाट कुठली?

आमचे साडू इथे तळी करतात. त्यांची दणकट चारचाकी रोज बांधावरून जाते. उधाणाच्या दिवसांत बांधावर खारे पाणी चढते, त्यातूनही जाते. तीन पावसाळ्यांपूर्वी शहरातल्या एका दुकानातून त्यांनी गाडीखाली स्टेनलेस स्टीलचा चकचकीत पत्रा बसवून घेतला. “कधी म्हणून गंजायचा नाही,” असे दुकानदाराने सांगितले होते, आणि ते अक्षरशः खरे ठरले. त्या वेळी बसवणाऱ्या पोराने खडखड होऊ नये म्हणून पत्रा नि चासी यांच्यामध्ये स्पंजाच्या पट्ट्या घातल्या आणि हाताशी होते ते साधे लोखंडी बोल्ट पिळले.

आम्ही गेलो तेव्हा पुढून कुठून तरी ‘कट्कट्’ आवाज येतो म्हणून गाडी पेणला मेस्त्रींकडे न्यायची होती. मीही बरोबर गेलो. मेस्त्री साठीचे, तरुणपणी मचव्यांची इंजिने दुरुस्त केलेले. त्यांनी पाना लावला तर पहिल्या बोल्टचे डोके बिस्किटासारखे तुटून हातात आले. दुसऱ्याचेही तेच. बाकीचे कापून काढावे लागले. पत्रा खाली आला तो ताटलीसारखा लखलखीत! आत पसाभर चिखल, आणि त्या स्पंजाच्या पट्ट्या अजून ओल्या. मेस्त्रींनी चासीच्या पुढच्या आडव्या तुळईवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

कोणी काही बोलले नाही. पुढच्या चाकांचे हात ज्या तुळईला धरून असतात तीच ही. गेल्या श्रावणात याच गाडीतून, मुसळधार पावसात, शेजाऱ्यांच्या सुनेला बाळंतपणासाठी पेणला आणले होते. साडू पायरीवर बसले नि म्हणाले, “प्रोफेसर, दगडाची भीती होती म्हणून पत्रा लावला हो. दगड एकदाही लागला नाही.”

मेस्त्री शांतपणे म्हणाले, “दादा, पत्र्याला काय झालं नाय. खाल्लंय ते गाडीला. आणि ह्यो काढायचा पत्रा हाय. काढायची सोय दिलीय ती कशाला?”

हे वाक्य ऐकून मला इंग्रजांच्या आरमारातली एक जुनी हकीकत आठवली. ‘अलार्म’ नावाची त्यांची एक लढाऊ नौका होती. लाकडाला समुद्रातला किडा लागू नये, शिंपले चिकटू नयेत म्हणून १७६१ मध्ये तिच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. नौका वेस्ट इंडीजच्या उबदार समुद्रात फिरून आली. तपासणी झाली तेव्हा तांबे उत्तम, लाकूड उत्तम. पण पत्रे ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते ते खिळे जागोजागी विरघळून गेलेले! काही थोडे खिळे मात्र शाबूत होते. नीट पाहता असे दिसले की तांबे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून गोदीत आले होते, तो कागद काही ठिकाणी काढायचा राहून गेला होता. जिथे कागद मध्ये राहिला तिथे लोखंड वाचले. १७६३ च्या अहवालात हा निष्कर्ष नोंदला गेला, की लोखंडाला तांब्याचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. व्होल्टाची बॅटरी यायला तेव्हा अजून सदतीस वर्षे होती. कारण कळण्याआधी उपाय कळला, तोही एका आळशी कामगाराच्या कृपेने.

कारण आता शाळेतली मुलेही सांगतील. दोन निराळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांवर खारे पाणी पसरले की त्यांची बॅटरी होते. त्यांतला हळवा धातू झिजतो, दुसरा ऐषारामात राहतो. तांबे आणि लोखंड यांत लोखंड हळवे. स्टेनलेस स्टील आणि साधे पोलाद यांत साधे पोलाद हळवे. आणि ऐषारामी धातूचा पत्रा मोठा नि हळव्या धातूचा बोल्ट लहान असला तर साऱ्या पत्र्याची भूक त्या एवढ्याशा बोल्टवर येऊन पडते. साडूंच्या गाडीत नेमके हेच झाले. अॅल्युमिनियमचा पत्रा घेतला असता तर भूमिका उलटल्या असत्या. पोलादापेक्षा अॅल्युमिनियम हळवे, तेव्हा बोल्टांभोवती पत्राच पांढरी भुकटी होऊन झिजला असता.

पण तुळई खाल्ली ती एवढ्यानेच नव्हे. तिचा खरा वैरी म्हणजे ती ओली फट. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स या शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात एक सुंदर प्रयोग दाखवला. लोखंडाच्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एकच थेंब ठेवायचा. आपल्याला वाटते की काठाला हवा जास्त, तेव्हा काठ गंजेल. होते उलटे. थेंबाच्या मध्यभागी, जिथे प्राणवायू कमी पोचतो, तिथले लोखंड झिजते. तांबूस कडे मात्र काठाकडे दिसते. गार्ड आणि चासी यांच्यामधली फट म्हणजे असाच एक पसरलेला थेंब. बाहेरून कडेला चिमूटभर गंज दिसतो, मालक म्हणतो “एवढं चालायचंच,” आणि आत मधोमध लोखंड संपत आलेले असते. त्यातून गंज हा लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. फटीत साचला की फुगून पत्र्याला नि बोल्टाला ताणत राहतो.

(मराठीत ‘गंज’ म्हणजे जंग, ‘गंज’ म्हणजे दूध तापवायचे उभट पातेले, आणि गवताची रास ती ‘गंजी’. जागा अडवणे हा तिघांचाही स्वभाव, असे माझे एक अशास्त्रीय मत आहे.)

मग उपाय काय? मेस्त्रींनी गाडी दुरुस्त करताना जे केले तेच सांगतो, कारण ते शास्त्रालाही धरून होते.

कुजलेला भाग कापून नवी पट्टी जोडली. गंज तारेच्या ब्रशाने नि पॉलिश पेपरने उघड्या धातूपर्यंत घासला. “डांबर फासून टाका की वरून,” असे साडूंनी सुचवले तेव्हा मेस्त्री हसले. गंजावर जाड लेप दिला तर तो पुढे तडकतो आणि पाणी त्याच्यामागे जाऊन बसते. बाहेरून काळे कुळकुळीत, आतून पोकळ. उघड्या धातूवर त्यांनी जस्ताचे प्रमाण भरपूर असलेला प्राइमर लावला. बोल्टांसाठी पाडलेल्या भोकांच्या कडांना तर बारीक कुंचल्याने, कारण भोक पाडताना तिथला रंग सोललेला असतो आणि नेमके तिथेच कोणी पाहत नाही.

जस्तच का, हे घरातल्या दोन वस्तूंवरून कळते. कथलाचा मुलामा दिलेला जुना तेलाचा डबा आणि जस्ताचा मुलामा दिलेली बादली, दोन्ही आत लोखंडीच. डब्याला ओरखडा पडला की तिथून तो झपाट्याने गंजतो, कारण कथलापुढे लोखंड हळवे. जस्ती बादलीला ओरखडा पडला तरी ती दम धरते, कारण लोखंडापुढे जस्त हळवे. ते स्वतः झिजते नि लोखंडाला वाचवते. खाडीतल्या तराफ्यांना, बोटींना बुडाशी जस्ताच्या वड्या बसवतात त्या याचसाठी. वडी झिजली की बदलायची, बोट नव्हे. हम्फ्री डेव्हीने ही युक्ती १८२४ मध्ये सुचवली होती, तांबे वाचवायला.

स्पंजाच्या पट्ट्या मेस्त्रींनी सरळ फेकून दिल्या. पाणी पिऊन बसणारी कोणतीही वस्तू तिथे नको. त्यांच्या जागी कडक नायलॉनचे जाड वायसर आले आणि बोल्टच्या अंगावर नायलॉनची नळी. ‘अलार्म’च्या त्या तपकिरी कागदाचा हा आजचा अवतार! शिवाय वायसरांमुळे पत्रा नि चासी यांच्यात बोटभर मोकळी जागा राहिली. पाणी आत येणारच. ते निघून जायला आणि वारा लागायला वाट हवी. पत्र्याच्या सर्वांत खालच्या जागी भोके नव्हती, ती पाडून घेतली. बोल्ट जस्ती, त्यांच्या आट्यांना ग्रीस. ग्रीस लावल्यावर मात्र पाना नेहमीच्या जोराने ओढायचा नाही, बरे का. आटे गुळगुळीत झाल्याने तेवढ्याच जोरात बोल्ट अधिक ताणला जातो, तुटतोही.

घरी येऊन मी हे सारे उत्साहाने सांगितले. सौभाग्यवती म्हणाल्या, “लोखंडी तवा मी घासून, पुसून, तेलाचं बोट लावून ठेवते. विळीसुद्धा ओली ठेवू देत नाही. त्याला कधी इंग्रजांचं आरमार लागलं नाही.” यावर मजजवळ उत्तर नव्हते. लोखंडाचे शास्त्र आपल्या स्वयंपाकघरांना ठाऊकच आहे; ते फाटकाबाहेर मोटारीपर्यंत जात नाही एवढेच.

शहरातल्या वाचकाला वाटेल, हा खाडीकाठचा प्रश्न, आपण डांबरी रस्त्यावरचे. पण सुट्टीत काशिदच्या किंवा हरिहरेश्वरच्या वाळूपर्यंत गाडी नेणारे आपणच. परत येऊन ती धुतो तीही वरून. नळी खाली धरून, चिलखताच्या आतल्या फटीत गोडे पाणी पाच मिनिटे सोडले, मीठ नि चिखल धुऊन निघेपर्यंत, तर निम्मे काम होते. उरलेले निम्मे म्हणजे ते सोडवून पाहणे. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की कोळी मंडळी होड्या ओढून काठावर घेतात आणि त्यांचे बूड पाहतात, खरवडतात, तेल देतात. मेस्त्रींनी साडूंना तीच वहिवाट घालून दिली आहे. मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा पत्रा उतरवायचा, आत धुवायचे, सुकवायचे, खरचटले असेल तिथे प्राइमर लावायचा, बोल्टांना नवे ग्रीस. काम तासाभराचे, आणि बोल्ट सुटे असले तर घरच्या पान्यानेही होणारे.

यंदाच्या दसऱ्याला साडूंनी गाडीला हार घालण्याआधी पत्रा उतरवला. एका नायलॉनच्या वायसरला चीर गेली होती, तेवढा बदलला.