'करणे' सोडून काहीतरी करा!

मराठी वाचवायची म्हटलं की आपण लगेच नामांच्या मागे लागतो. मी पडलो रत्नागिरीचा, त्यामुळे हा विषय आमच्या घरचाच म्हणा ना! सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते, आणि भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी याच काळात चालवली. 'दिनांक', 'महापौर' हे त्यांच्या नावावर असलेले शब्द आज सगळेच वापरतात. छान आहे. पण माझं स्पष्ट मत असं की आजची लढाई नामांची नाहीच. 'मोबाईल' म्हटल्याने मराठीचं काही बिघडत नाही. बिघडतंय ते क्रियापदांत, आणि तिकडे कुणाचं लक्ष नाही.

'गिव्ह अप' घ्या. शब्दकोशात बघून आपण लिहिणार 'सोडून देणे'. सिगरेट सोडली, इथवर ठीक. पण पोराच्या हट्टापुढे आई हात टेकते. एसटीत आजोबांना आपण जागा देतो. कोडं सुटेना की नाद सोडतो. इंग्रजीत एकच, मराठीत चार. आणि कुठलं कुठे, हे फक्त वाक्य सांगतं. तसंच 'मेक सेन्स'. कधी 'पटतंय', कधी 'अर्थ लागतोय', कधी चक्क 'परवडतंय'. आणि आपण काय म्हणतो? "सेन्स मेक नाही करत यार."

बरं, मराठी इथे गरीब आहे असंही नाही. 'सांगून टाक', 'सांगून ठेव', 'सांगून बघ', 'सांगून ये'... मूळ क्रिया एकच, पण एकदाचं मोकळं होणं, आधीच कल्पना देणं, प्रयत्न करणं, जाऊन परतणं हे सगळं शेवटच्या एक-दोन अक्षरांत. इंग्रजी जे काम 'अप', 'आउट', 'ऑफ'कडून करून घेते, त्यातलं बरंचसं आपल्याकडे ही संयुक्त क्रियापदं करतात. मग 'इट अप'चं 'खाऊन टाक' सोडून 'पूर्ण खा' कशाला?

यात आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा हात मोठा आहे. अनुवादकाला आम्ही सुट्या शब्दांची एक्सेल शीट पाठवतो. 'ओपन'. आता हे बटण आहे की दुकानाची स्थिती? तो बिचारा लिहितो 'उघडा', आणि दुकान चालू आहे एवढंच सांगायचं असताना ॲप गिऱ्हाइकालाच दुकान उघडायला सांगतं! गेटटेक्स्टसारख्या साधनात संदर्भ लिहायला वेगळी ओळ असते. ती भरायला अर्धं मिनिट लागतं. आम्ही भरत नाही.

कुणी म्हणेल, 'माफ करणे', 'पसंत करणे' हेही फारसीच्या वाटेनंच आले की. मान्य. उधारीला माझी ना नाहीच. पण 'मिस करणे', 'मॅनेज करणे', 'ट्राय करणे' असं करत करत 'करणे' हे एकच क्रियापद उरलं, तर 'आठवण येणे', 'निभावणे', 'करून बघणे' जाणार कुठे? २०२४ साली मिळालेला अभिजात दर्जा ती परत आणून देणार नाही.

तेव्हा मंडळी, शब्दाचं भाषांतर बंद. आधी पूर्ण वाक्य वाचा, कोण कुणाला कधी म्हणतंय ते बघा, आणि मग लिहा. 'वुई रॅन आउट ऑफ मिल्क'चं मराठी एवढंच आहे: दूध संपलं.